आत्महत्येची चिठ्ठी : संशोधन व प्रतिबंध (डहाणू–तलासरीच्या संदर्भात)

आत्महत्येपूर्वी लिहून ठेवलेला मजकूर. पोलीस तपासात तो पुरावा ठरतो. मानसशास्त्रात तो मृत्यूपूर्वीच्या मनःस्थितीचा दस्तऐवज मानला जातो.

अभ्यासाची सुरुवात : १९४९ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांच्या हाती लॉस एंजेलिसच्या अपमृत्यू-तपास कार्यालयात अशा शेकडो चिठ्ठ्या लागल्या. त्यांनी व नॉर्मन फारबरोव यांनी खऱ्या चिठ्ठ्या आणि इतरांकडून मुद्दाम लिहवून घेतलेल्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या (१९५७). खऱ्या चिठ्ठ्यांत विचार जास्त मांडलेले होते. त्यांत मागे राहिलेल्यांसाठी बारीकसारीक सूचनाही होत्या. मरणाचा निश्चय झाल्यावरही माणूस उद्याच्या कामांची काळजी करतो, ही दुविधा प्रतिबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पुढे १९७३ मध्ये श्नाइडमन यांनीच या चिठ्ठ्या बहुधा सपक असतात, अशी कबुली दिली. भारतात शालिना गिरधर, अंतून लीनार्स, टी. डी. डोगरा व सहकारी (२००४) यांचे आणि म्हैसूर येथील (२०१५) अभ्यास उल्लेखनीय.

मर्यादा : बहुसंख्य मृतांनी काहीच लिहिलेले नसते.

डहाणू–तलासरी : ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या अनुक्रमे ४,०२,०९५ व १,५४,८१८. तलासरीत आदिवासी सुमारे नव्वद टक्के. घरात वारली बोली, शाळेत मराठी, सीमेलगत गुजरातीही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला शिक्षणाचे काम उभे केले ते १९५७ पासून. त्याआधीच्या पिढ्यांचा लेखणीशी संबंध फारसा नव्हता. अशा ठिकाणी पंचनाम्यात ‘चिठ्ठी मिळून आली नाही’ एवढेच वाक्य येते आणि अकस्मात मृत्यूचा कागद बंद होतो. मृताने शेजारणीला, भगताला किंवा मुकादमाला आधी काय सांगितले, हे त्या कागदावर नसते. प्रतिबंधाला उपयोगी पडेल ते मात्र त्या बोलण्यातच असते. म्हणून येथे चिठ्ठ्यांच्या संग्रहापेक्षा मानसशास्त्रीय शवपरीक्षा, म्हणजे आप्त व शेजाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती, अधिक उपयुक्त. लक्ष्मी विजयकुमार व एस. राजकुमार यांचा चेन्नईतील अभ्यास (१९९९) याच पद्धतीचा. अडचण वेळेची : दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तरुण बोटींवर खलाशी होतात, पाड्यावर विचारायला उरतात म्हातारी माणसे.

डहाणूत आयसीएमआरचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र असून सर्पदंशावरील त्याचे काम परिचित आहे. साप चावल्याचे घरचे मोकळेपणी सांगतात. आत्महत्येचे सांगताना पोलिसांची धास्ती वाटते. आशा व पोलीस पाटील यांच्याकडून येणारी माहिती सर्पदंश व आत्महत्या या दोन्हींबाबत सारखीच विश्वसनीय धरणे त्यामुळे योग्य नाही.

कायदा : मृत्यूच्या कारणाविषयी मृताने लिहिलेला मजकूर पूर्वी पुरावा कायदा कलम ३२(१) खाली, आता भारतीय साक्ष अधिनियम कलम २६ खाली ग्राह्य. हस्ताक्षर जुन्या वहीशी किंवा बँकेच्या कागदाशी ताडले जाते. मात्र चिठ्ठीत नाव असणे एवढ्यावरून प्रवृत्त केल्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. तलासरीला लागून असलेल्या दादरा व नगर हवेलीचे खासदार मोहन डेलकर यांचा २२ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत मृत्यू झाला. मागे गुजरातीतील दीर्घ चिठ्ठी होती. तरी मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गुन्हा रद्द केला व तो निर्णय पुढे सर्वोच्च न्यायालयात टिकला. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ मात्र १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत नाही.

वृत्तांकन : चिठ्ठीतील मजकूर छापू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय प्रेस कौन्सिलची आत्महत्येच्या बातम्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ ची.

साहाय्य : टेली-मानस, १४४१६ (ऑक्टोबर २०२२ पासून). सेवा मराठीसह अनेक भाषांत. वारली बोलणाऱ्याला अर्थातच मराठीतूनच बोलावे लागते.