केशरी कार्डातले कुटुंब

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्याला सरकारी सवलतीचा आरोग्यविमा हवा असेल, तर नवरा-बायकोला प्राप्तिकराचे विवरणपत्र सहसा एकत्रच भरावे लागते. वेगवेगळे भरले की, छळासारखे अपवाद सोडले तर, सवलत जाते. इकडे अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात हा प्रश्न या रूपात उभाच राहिला नाही. १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले, ती सूट स्वातंत्र्यानंतरही टिकली. मग कापूस-तुरीवर जगणाऱ्या कास्तकाराने विवरणपत्र भरायचे कशाला? लग्नाकडे पाहून कर लावण्याचा प्रयोग आपल्याकडेही झाला होता. १९५५ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी विवाहितांची करमुक्त मर्यादा २,००० रुपये आणि अविवाहितांची १,००० रुपये ठेवली. वऱ्हाडातल्या वावरापर्यंत तो पोहोचण्याचे कारण नव्हते. तरीही सवलतीचा दवाखाना आणि लग्न यांची गाठ दर्यापुरात पडलीच. ती बांधली रेशन कार्डाने.

हे कार्ड धान्यासाठी होते. १ मे १९९९ पासून राज्याने ते तीन रंगांत वाटले: वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत पिवळे, १ लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. शेजारच्या मूर्तिजापूरला, तो तालुका अकोल्यात म्हणून, नोव्हेंबर २०१३ ची वाट पाहावी लागली. पिवळ्या आणि केशरी कार्डावरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे उपचार मिळू लागले. कोणी म्हणेल, यात लग्नाचा संबंध काय, निकष तर उत्पन्नाचा. पण उत्पन्न मोजले जाते अख्ख्या कार्डाचे. पिवळ्या कार्डाच्या घरातली मुलगी पांढऱ्या कार्डाच्या घरी दिली की तिच्या नावावर एक रुपया नसतानाही ती योजनेबाहेर जाई. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला निघाला आणि सासरी नाव चढले नाही, तर ती दोन्हीकडून सुटली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख केली खरी. एकत्र घरात ती बहुधा सासू असते, सून नव्हे.

पुढे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतले, पुरावा म्हणून सातबारा मागून. निर्णय योग्यच होता. मात्र सातबारा बहुतेक पुरुषाचा, त्यामुळे जन्मभर निंदण-वेचणी करणारी बाईही शेतकरी म्हणून नव्हे, शेतकऱ्याची बायको म्हणून आत आली. सरकारला कुठलातरी घटक धरावाच लागतो, नाहीतर एकाच माणसाची दोन कार्डे निघतील, हा आक्षेप रास्त आहे. पण व्यक्ती मोजणे सरकारला जमत नाही असे नाही. त्याच अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आहे. एकाच कार्डावर धान्य तोंडे मोजून आणि आजारपण चूल मोजून, हा हिशेब मला तरी पटत नाही. आठ माणसांचे एकत्र घर आणि दोघांचे विभक्त घर यांना तेव्हा तेच दीड लाख होते. मग भावाभावांनी चुली आणि कार्डे वेगळी केली तर त्यांना दोष का द्यावा?

१ जुलै २०२४ पासून योजना सर्वांना खुली झाली, मर्यादा ५ लाखांवर गेली. रंगाचे महत्त्व ओसरले, पण रक्कम अजूनही कुटुंबाचीच आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न पाहता केंद्राचे वेगळे ५ लाखांचे कवच मिळाले. तेही नवरा-बायको दोघे सत्तरीपुढचे असले तर दोघांत मिळून एकच.