मेमरी संपते म्हणजे नेमके काय संपते?

१९९०च्या दशकात ज्यांनी घरी किंवा शाळेत संगणक वापरला, त्यांना एक अनुभव नक्की आठवत असेल. दोन-तीन प्रोग्राम उघडून झाले आणि आणखी एक उघडायला गेले, की पडद्यावर चौकट येई: मेमरी अपुरी आहे, काही प्रोग्राम बंद करा. दुकानात विचारले तर ठरलेले उत्तर मिळे, 'मेमरी वाढवून घ्या.' मेमरीच्या चिप त्या काळी चांगल्याच महाग होत्या. पैसे जमवून ४ मेगाबाइटचे ८ केले, तरी पुष्कळदा तोच संदेश पुन्हा हजर! चिप खराब नसत आणि संगणकही बिघडलेला नसे. मग कमी काय पडत होते?

मेमरी म्हणजे लहान लहान खणांची मोठी मांडणी. एका खणात एक बाइट मावतो आणि प्रत्येक खणाला स्वतःचा क्रमांक, म्हणजे पत्ता असतो. प्रोसेसर हा पत्ता काही तारांवरून सांगतो. प्रत्येक तारेवर ० किंवा १ असू शकतो. म्हणजे एका तारेने २ पत्ते सांगता येतात, दोन तारांनी ४, तीन तारांनी ८ आणि २० तारांनी १०,४८,५७६. इतक्या बाइटना आपण १ मेगाबाइट म्हणतो.

तुलनेसाठी आपला पिनकोड घेऊ. हा सहा आकडी क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. सहा आकड्यांत फार तर १० लाख क्रमांक बसतात. उद्या दहा लाखांहून जास्त क्रमांक लागले, तर टपाल कार्यालयांच्या इमारती कितीही असोत, वरच्यांना क्रमांक देता येणार नाही. शिवाय ९ने सुरू होणारे क्रमांक सैन्याच्या टपालासाठी राखीव आहेत, म्हणजे ते गावांना मिळत नाहीत. क्रमांकांची संख्या मर्यादित असणे आणि त्यातलेही काही राखीव असणे, या दोन्ही गोष्टी संगणकाच्या बाबतीत घडल्या.

इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ हा प्रोसेसर आणला आणि १९७९ साली त्याचा स्वस्त भाऊ ८०८८. यांना पत्त्याच्या तारा २० होत्या, पण प्रोसेसरच्या आतले कप्पे मात्र १६ बिटांचे. १६ बिटांत ६५,५३६ पर्यंतच, म्हणजे ६४ किलोबाइटपर्यंतच मोजता येते. यावर इंटेलने काढलेली युक्ती मोठी मजेदार आहे. पत्ता दोन संख्यांनी सांगायचा; पहिलीला १६ने गुणायचे आणि तीत दुसरी मिळवायची. पहिली १००० आणि दुसरी २० असेल, तर पत्ता झाला १६,०२०. पहिली १००१ आणि दुसरी ४ घेतली तरी उत्तर १६,०२०च! एकाच घराला अनेक पत्ते असा हा प्रकार. आठवीच्या मुलांना १६,०२०चे आणखी पत्ते शोधायला सांगून पाहा, चांगला सराव होतो. यातून पुढच्या सगळ्या कथेत ६४ किलोबाइटचे तुकडे शिरले, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ला जाहीर केलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये हाच ८०८८ होता. एक मेगाबाइट म्हणजे ६४ किलोबाइटचे १६ तुकडे. त्यांतले वरचे सहा, म्हणजे ३८४ किलोबाइटचे पत्ते, पडद्याचे चित्र, संगणक सुरू करणारा कायमचा प्रोग्राम आणि जोडकार्डे यांच्यासाठी राखून ठेवले गेले. उरले १० तुकडे, ६४० किलोबाइट. आज ही वाटणी कंजूष वाटते, पण तो संगणक कमीत कमी १६ किलोबाइट मेमरीसह विकला जात होता, हे लक्षात घेतले तर त्याच्या चाळीसपट मोकळीक ठेवणाऱ्यांना आखूड बुद्धीचे म्हणणे आम्हाला पटत नाही. ६४० किलोबाइट कोणालाही पुरेत, असे बिल गेट्स म्हणाले होते ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. गेट्स यांनी ती नाकारली आहे आणि ते तसे बोलल्याचा पुरावा मिळालेला नाही. वर्गात सांगताना एवढी काळजी घ्यावी.

मोकळीक फार थोडा काळ टिकली. १९८३ साली लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम आला आणि कचेऱ्यांमधले तक्ते भराभर वाढून मेमरी पुरेना. तेव्हा १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक तोडगा काढला. वर्गात गुंडाळीचा फळा असतो, तो आठवा. भिंतीवर जागा तेवढीच, पण फळा फिरवला की मागचा भाग पुढे येतो. तसेच राखीव पत्त्यांतला ६४ किलोबाइटचा एक भाग खिडकीसारखा ठेवायचा आणि वेगळ्या कार्डावरच्या मेमरीची १६-१६ किलोबाइटची चार पाने आळीपाळीने तिथे आणायची. पत्ते तेच, मागचे खण बदलायचे. काम चालले, पण प्रोग्रामला हे पान उलटणे मुद्दाम शिकवावे लागे.

मधल्या काळात प्रोसेसर पुढे गेले होते. १९८२च्या ८०२८६ला २४ तारा, म्हणजे १६ मेगाबाइटचे पत्ते होते. पण ते पूर्ण वापरायचे तर प्रोसेसर नव्या पद्धतीने चालवावा लागे, आणि त्या पद्धतीत जुने डॉसचे प्रोग्राम चालत नसत. लोकांनी पैसे मोजून घेतलेले प्रोग्राम टाकून कोण देणार? त्यामुळे नवा प्रोसेसर बहुतेक वेळ जुन्यासारखाच वागत राहिला.

इथे एक गमतीची अडचण उभी राहिली. गुणाकार-बेरजेच्या त्या युक्तीने मिळणारा सर्वांत मोठा पत्ता काढून पाहा: ६५,५३५ गुणिले १६ अधिक ६५,५३५, म्हणजे ११,१४,०९५. हा एक मेगाबाइटच्या बाहेर जातो! ८०८८ला एकविसावी तारच नसल्याने असा पत्ता गोल फिरून पुन्हा शून्याकडे येई, आणि काही प्रोग्राम या फिरण्यावर विसंबून होते. नव्या प्रोसेसरला जास्त तारा असल्याने फिरणे बंद झाले. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून आयबीएमने १९८४च्या एटी संगणकात एकविसाव्या तारेवर चक्क एक फाटक बसवले, आणि ते उघडण्या-मिटण्याचे काम दिले कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपला, कारण तिची एक पिन रिकामी होती. पुढे लोकांच्या लक्षात आले की हे फाटक उघडे ठेवले तर डॉसला वरचे ६५,५२० बाइट फुकट मिळतात. जून १९९१मध्ये आलेल्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीने स्वतःचा बराचसा भाग तिथेच हलवला.

१९८५च्या ८०३८६ने आणखी एक सोय केली: राखीव ३८४ किलोबाइटमध्ये जे पत्ते कोणीच वापरत नव्हते, त्यांच्यामागे खरी मेमरी लावता येऊ लागली. मग माऊस, सीडी वगैरे चालवणारे छोटे प्रोग्राम त्या फटींत बसवायचे. फटी लहानमोठ्या, प्रोग्रामही लहानमोठे. मोठा आधी की छोटा आधी, यावर किती मावतील हे ठरे. प्रवासाची ट्रंक भरण्यासारखेच. १९९३च्या डॉस ६मध्ये मेममेकर नावाचा प्रोग्राम आला. तो निरनिराळ्या मांडण्या तपासून, संगणक पुन्हा सुरू करून, चांगली मांडणी निवडत असे. आम्ही विद्यार्थी असताना मात्र ही मांडणी हाताने करण्यात तासन्तास घालवले आहेत, आणि दहा-बारा किलोबाइट सुटले की केवढा आनंद व्हायचा!

आता सुरुवातीच्या संदेशाकडे येऊ. १९९०चे विंडोज ३.० आणि १९९२चे ३.१ यांनी १ मेगाबाइटची भिंत पुष्कळशी ओलांडली होती. पण उघडलेल्या खिडक्या, मेनू, बटणे, चित्र काढायची पेने-कुंचले या सर्वांची नोंद ठेवण्यासाठी त्यांत मोजक्या वह्या होत्या, आणि प्रत्येक वही जुन्या १६ बिटांच्या हिशेबाने ६४ किलोबाइटचीच. या वह्यांना 'सिस्टिम रिसोर्सेस' म्हणत. वही भरली की नवी खिडकी उघडणे बंद. मग संगणकात ४ मेगाबाइट असोत वा ६४. शिवाय काही प्रोग्राम घेतलेले कुंचले परत न करताच बंद होत, आणि विंडोज ३.१ त्यांच्या नोंदी स्वतःहून पुसत नसे. खरा उपाय बिनखर्चाचा होता: नको असलेल्या खिडक्या बंद करणे आणि अधूनमधून विंडोज पुन्हा सुरू करणे. प्रोग्राम मॅनेजरच्या हेल्प मेनूतली 'अबाउट'ची चौकट मोकळी मेमरी आणि मोकळे रिसोर्सेस असे दोन वेगळे आकडे दाखवी. दुसरा आकडा घसरलेला असेल, तर चिपवर खर्च करून उपयोग नसे. दोन्हींतला फरक किती थोड्यांना माहीत होता!

या अज्ञानावर धंदाही झाला. १९९५ साली अमेरिकेत सॉफ्टरॅम नावाचा प्रोग्राम मेमरी दुप्पट करण्याचा दावा करत लाखो लोकांना विकला गेला. जाणकारांनी तो उलगडून पाहिला, तर मेमरी दाबून बसवण्याचे जे काम तो करतो असे सांगितले होते, ते तो करतच नव्हता. १९९६ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली.

विंडोज ९५ने बऱ्याच नोंदी मोठ्या वह्यांत नेल्या, पण जुन्या प्रोग्रामांसाठी छोट्या वह्या ठेवाव्याच लागल्या. घरगुती संगणकांची यातून पुरती सुटका झाली ती ऑक्टोबर २००१च्या विंडोज एक्सपीबरोबर.

मात्र पत्त्यांची गोष्ट तिथे संपली नाही. ३२ बिटांत ४ गिगाबाइटचे पत्ते होतात, आणि त्यांतलेही वरचे काही पडद्याचे कार्ड वगैरेंसाठी राखीव असतात. म्हणून ३२ बिटांचे विंडोज असलेल्या जुन्या संगणकात ४ गिगाबाइटच्या चिप बसवल्या, तरी वापरायला सव्वातीन-साडेतीनच मिळतात. शाळेला देणगीत आलेल्या संगणकाची मेमरी वाढवायची असेल, तर आधी 'सिस्टिम'च्या माहितीत ३२ बिट लिहिले आहे की ६४, ते पाहावे. ३२ असेल आणि ४ गिगाबाइट आधीच बसवलेली असेल, तर नव्या चिपसाठी पत्तेच उरलेले नाहीत.