गळती-प्रवाह संरक्षक उपकरण आणि त्याची चाचणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विजेच्या इतिहासाचे लेखन बहुधा निर्मिती, वहन आणि प्रकाश यांभोवती फिरते. विजेपासून माणसाचे रक्षण करणाऱ्या साधनांना त्यात गौण स्थान मिळते. फ्यूज आणि एमसीबी ही साधने मुख्यतः तारांचे रक्षण करतात; ती तुटण्यासाठी कित्येक अँपिअर प्रवाह लागतो. माणसाच्या छातीतून जाणारा काही दशक मिलीअँपिअरचा प्रवाह मात्र प्राणघातक ठरू शकतो. ही दरी भरून काढणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी होय. व्यवहारात त्यास आजही अनेकदा ईएलसीबी म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या उपकरणाच्या विकासाचा आणि विशेषतः त्याच्या चाचणीच्या परंपरेचा आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका :
जुन्या व्होल्टेज-चलित ईएलसीबीमध्ये यंत्राचे धातूचे आवरण आणि जमीन यांच्यामध्ये एक वेटोळे जोडलेले असे. आवरणावर दाब आला की वेटोळे कार्यान्वित होई. मात्र माणसाने जिवंत तारेला थेट स्पर्श केल्यास वेटोळ्यातून प्रवाह जातच नसे आणि पुरवठा चालू राही. याउलट प्रवाह-संतुलनाच्या पद्धतीत फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून नेल्या जातात. जाणारा आणि परतणारा प्रवाह समान असेल तर कडे शांत राहते. काही प्रवाह जमिनीकडे वळला की फरक निर्माण होऊन पुरवठा तुटतो. तत्त्व सोपे असले तरी प्रारंभीची अशी उपकरणे सुमारे १० अँपिअर फरकावर चालत. माणसाच्या रक्षणासाठी ती निरुपयोगी होती.

दक्षिण आफ्रिकेतील खाणी आणि स्टिलफाँटेन :
दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात ही गंभीर समस्या होती. तेथील अभियंता हेन्री रुबिन यांनी १९५५ मध्ये ५२५ व्होल्टवर चालणारी व २५० मिलीअँपिअरला तुटणारी प्रणाली तयार केली. १९५६ च्या प्रारंभी त्यांनी चुंबकीय प्रवर्धकावर आधारित नवा नमुना सिद्ध केला. त्याची संवेदनशीलता १२.५ ते १७.५ मिलीअँपिअर होती. पुढे स्टिलफाँटेन या खाण-वसाहतीत एका स्त्रीचा घरगुती अपघातात विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्यानंतर १९५७-५८ मध्ये तेथील घरांत अशी काही शे उपकरणे बसविण्यात आली. खाणीसाठी जन्मलेले साधन घरात आले, ते एका मृत्यूनंतर, ही बाब लक्षणीय आहे.

मर्यादा ठरविणारे संशोधन :
किती प्रवाह सुरक्षित, या प्रश्नाचे उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) चार्ल्स डॅलझील यांच्या प्रयोगांतून मिळाले. हातात धरलेली तार सोडून देता येईल अशा प्रवाहाची सरासरी मर्यादा पुरुषांत सुमारे १६, तर स्त्रियांत सुमारे १०.५ मिलीअँपिअर आढळली. १९६१ मध्ये त्यांनी ट्रान्झिस्टरवर आधारित उपकरण विकसित केले. अमेरिकेत सुमारे ५ मिलीअँपिअर, तर युरोपात व्यक्ति-रक्षणासाठी ३० मिलीअँपिअर ही मर्यादा रूढ झाली.

चाचणीची परंपरा :
हे उपकरण वर्षानुवर्षे निष्क्रिय राहते आणि एका क्षणी अचूक चालावे अशी अपेक्षा असते. दरम्यान त्याचे यांत्रिक भाग धूळ, ओलावा वा वंगण सुकल्यामुळे जखडू शकतात. बाहेरून त्याची कोणतीही खूण दिसत नाही. म्हणूनच उपकरणावर चाचणी-बटण आले. ते दाबल्यावर एका रोधकामार्फत कृत्रिम असंतुलन निर्माण होते. परंतु त्यातून केवळ यंत्रणा हलते एवढेच सिद्ध होते. तुटण्यास लागणारा वेळ किंवा अर्थिंगची स्थिती कळत नाही.

त्यासाठी मापन-यंत्राची चाचणी आवश्यक ठरते. ३० मिलीअँपिअरच्या उपकरणास १५ मिलीअँपिअरवर तुटता कामा नये, ३० वर ते ३०० मिलीसेकंदांत आणि १५० वर ४० मिलीसेकंदांत तुटावे, अशी त्रिस्तरीय पद्धत ब्रिटनमध्ये रुळली. तेथील वायरिंग नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीने निर्धारित प्रवाहावरील चाचणी पुरेशी मानली. बटण दाबण्याचा सल्ला आधी तीन महिन्यांचा होता. २०१८ च्या आवृत्तीत तो सहा महिन्यांचा झाला. अमेरिकेत २०१५ पासून उत्पादन-मानकाने स्वयंचाचणीची सोयच अनिवार्य केली. वापरकर्ता बटण दाबत नाही, हे वास्तव त्यामागे मान्य केलेले दिसते.

भारतीय संदर्भ :
भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी गळती-संरक्षक उपकरण आवश्यक केले. मात्र २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या होत्या. २०२३ मध्ये या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. भार कमी असला तरी धक्क्याचा धोका कमी होत नाही, हे स्टिलफाँटेनच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
१) उपकरणाची प्रगती ही अँपिअरपासून मिलीअँपिअरपर्यंतची, म्हणजेच यंत्राकडून माणसाकडे झालेली वाटचाल आहे.
२) उपकरण एकदाच बसविले जाते; चाचणी ही अखंड जबाबदारी आहे.
३) न तपासलेले उपकरण खोटा विश्वास निर्माण करते. हा विश्वास काही वेळा उपकरण नसण्याहूनही घातक ठरू शकतो. वसतिगृहे आणि प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयांनी चाचणीची नोंदवही ठेवणे, हा या इतिहासाचा व्यावहारिक बोध होय.