हुशार आहे, पण लक्ष नसते

चौथीच्या प्रगतिपुस्तकावर गुरुजींचा शेरा होता, ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’ त्याच वर्षी शाळेच्या मैदानावर प्रार्थना चालू असताना मला पहिली फिट आली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली. शुद्धीवर आलो तेव्हा अम्मी रडत होती आणि अब्बा माझे दप्तर हातात धरून उभे होते. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन गोष्टींचे दोन वेगळे हिशेब सुरू झाले. फिट येणे हा आजार होता, त्याला औषध होते, दुआ होती. लक्ष नसणे हा मात्र माझा दोष होता आणि त्याला रट्टे होते.

मदरशात सबक विसरलो की उस्ताद कान पिळत. पुढे नोकरीत फाईल अर्धवट राहिली की साहेब बोलत. चाळिशीच्या उंबरठ्यावर एका मेंदूविकारतज्ज्ञाने तासभर सगळे ऐकून घेतले आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. तेव्हा कळले की अपस्माराबरोबर मला ‘एडीएचडी’, म्हणजे अवधान टिकवता न येण्याचा विकारही आहे. बहुधा लहानपणापासूनच. त्यानंतर मी या दोन दुखण्यांचा इतिहास वाचायला घेतला. मला एवढेच पाहायचे होते, की एकाला आजार आणि दुसऱ्याला दोष हे कधी आणि कुणी ठरवले?

फेफऱ्याचा इतिहास फार जुना. ‘अपस्मार’ या शब्दातच स्मृती हरपणे आहे. अरबीत त्याला ‘सर्अ’ म्हणतात, म्हणजे खाली पाडणे, चीत करणे. भुताखेतांचा, देवाच्या कोपाचा संशय या आजारावर सगळ्याच समाजांनी घेतला. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथात अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले, की हा आजार इतर आजारांहून अधिक ‘पवित्र’ वगैरे काही नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. इब्न सिनाने ‘अल-कानून’मध्ये सर्अची चर्चा डोक्याच्या आजारांमध्येच केली. तरीही मला दर्ग्यावर नेऊन धुरी दिली गेलीच. मी कुणाला दोष देत नाही. घाबरलेले आई-बाप जे दार दिसेल ते ठोठावतात.

बुखारी शरीफमधली एक हदीस मात्र मला लहानपणी कुणी सांगितली नाही. एक कृष्णवर्णीय स्त्री प्रेषितांकडे (स.) आली. मला झटके येतात आणि त्यात माझे अंग उघडे पडते, दुआ करा, असे तिने सांगितले. सब्र केलास तर जन्नत आहे, हवे तर बरी होण्यासाठी दुआ करतो, असे दोन पर्याय तिच्यापुढे ठेवले गेले. तिने सब्र निवडला, पण अंग उघडे पडू नये एवढी दुआ मागून घेतली, आणि ती केली गेली. या प्रसंगात तिला कुणी दरडावत नाही, तिने काय गुन्हा केला असे विचारत नाही. निवड तिच्यावर सोडली जाते आणि तिची लाज राखली जाते. रोग्याला याहून जास्त काय हवे असते?

आता दुसरे दुखणे. 1798 साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टराने मनाच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात अवधानावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एका गोष्टीवर लक्ष टिकवता न येणे हे काही जणांत जन्मतःच असते, काही जणांत आजारपणामुळे येते, असे तो सांगतो. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्याने दोन शक्यता मांडल्या, जन्म आणि आजार. ‘आळस’ ही तिसरी शक्यता आपण घातली.

1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर गाजलेली व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवर घालू न शकणारी ही मुले. त्यांतल्या काहींना मेंदूचे आजार झालेले होते, हे त्याने टिपले. पण नाव दिले ते ‘नैतिक नियंत्रणातला दोष’. त्याचा ‘नैतिक’चा अर्थ आपल्यापेक्षा व्यापक होता, हे खरे. तरी शब्द चिकटला. माझ्या उस्तादांनी स्टिल वाचला नव्हता, पण पिळलेल्या कानाचा अर्थ तोच होता.

या दोन्ही दुखण्यांची गाठ एकाच इमारतीत पडलेली मला सापडली, ती अमेरिकेत, ऱ्होड आयलंड राज्यात. जॉर्ज ब्रॅडली नावाच्या धनिकाची मुलगी एमा सात वर्षांची असताना मेंदूज्वराने आजारी पडली. जीव वाचला, पण फिट्स आणि अपंगत्व कायमचे राहिले. अशा मुलांसाठी कुठे सोय नव्हती. आई-वडिलांनी मालमत्ता मागे ठेवली आणि 1931 मध्ये एमाच्या नावाने मुलांचे इस्पितळ उघडले. तिथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या पाठीच्या कण्यातून द्रव काढून, हवा भरून मेंदूचे एक्स-रे काढत. त्याने मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन नावाचे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही. शिक्षकांनी मात्र सांगितले की मुले अभ्यासाला बसू लागली आहेत. 1937 मध्ये ब्रॅडलींनी 30 मुलांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या 14 मुलांच्या शाळेतल्या कामात ठळक फरक पडला होता. फिट येणाऱ्या एका मुलीच्या दुःखातून उभ्या राहिलेल्या घरात अवधानाचे औषध अपघाताने सापडले.

औषधांची दुसरी बाजूही आहे. 1912 मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टराला फेनोबार्बिटल फिट्सवर चालते हे आढळले. स्वस्त असल्याने ते गरिबांचे औषध ठरले. मीही ‘गार्डिनाल’वरच वाढलो. त्याने फिट्स आवरल्या. पण हेच औषध बऱ्याच मुलांना चंचल आणि चिडचिडे करते, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हते. म्हणजे माझे लक्ष उडायचे ते जन्मतः, फिट्समुळे की गोळीमुळे? बहुधा तिन्ही मिळून. 2004 मध्ये आइसलँडमधल्या एका अभ्यासात दिसले, की अवधानाचा विकार असलेल्या मुलांत पुढे फिट येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा साधारण अडीचपट होते. म्हणजे काहींच्या बाबतीत लक्ष आधी हरवते, फिट नंतर येते. माझा शेरा आणि माझी पहिली फिट एकाच वर्षातली होती, हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

कायद्यानेही उशीर केला. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत वारंवार येणारे फेफरे हे वेडाच्या शेजारी बसवलेले होते. 1999 च्या दुरुस्तीने ते काढले गेले. आमच्या निकाहला ते कायदे लागू नव्हते, पण समाजाचा कायदा सगळीकडे सारखाच. माझ्या मामूंनी ‘आजाराचे बोलू नका’ असे बजावले होते. मी निकाहआधीच सगळे सांगितले. बीवी म्हणाली, “गोळीची वेळ तेवढी सांगा.”

खरी अडचण तीच आहे. गोळी चुकली की फिट येते आणि लक्ष नसले की गोळी चुकते. एक दुखणे दुसऱ्याला दार उघडून देते. यात जिद्द, नियत, ईमान यांचा काही संबंध नाही. म्हणून मी गोळ्या नमाजला बांधल्या. एक फजरनंतर, एक इशानंतर. सात कप्प्यांची डबी मुसल्याशेजारी असते. तरी चुकते, मग बीवी डबी उघडून बघते आणि न बोलता पाण्याचा ग्लास आणून ठेवते.

अम्मी आता थकली आहे. परवा तिला हे सगळे माझ्या परीने सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे मी तुला उगाच मारलं रे?” मी म्हटले, “अम्मी, तेव्हा डॉक्टरांनाही कुठे ठाऊक होतं!” अर्धे खोटे होते ते. क्रायटनला ठाऊक होते, ब्रॅडलींना ठाऊक होते. आमच्या गल्लीपर्यंत पोहोचले नव्हते एवढेच.

तुमच्या घरात, वर्गात, मदरशात एखादे मूल फिट्सची गोळी घेत असेल आणि त्याचे लक्ष लागत नसेल, तर त्याचा कान धरण्याआधी डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. मला वेगवेगळे हिशेब जोडायला तीस वर्षे लागली.