दिनविशेष : १६ जानेवारी

२००७ : जर्मन फुटबॉलपटू सेबास्टियन डाइस्लर याने वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. आपल्या गुडघ्यावर आता भरवसा उरला नाही, असे त्याने बायर्न म्युनिकच्या पत्रकार परिषदेत सांगितले.

५ जानेवारी १९८० रोजी लोराख येथे जन्मलेला हा मिडफिल्डर म्हणजे जर्मन फुटबॉलचा भावी तारणहार, असे त्याच्या विशीतच ठरवले गेले होते. इतक्या कोवळ्या खांद्यांवर एवढे ओझे टाकणे अन्यायाचेच होते. उजव्या गुडघ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. २००२च्या विश्वचषकाच्या तोंडावर ऑस्ट्रियाविरुद्धच्या सराव सामन्यात तो जायबंदी झाला. २००६चा मायदेशातला विश्वचषकही दुखापतीमुळेच हुकला. देशासाठी तो जेमतेम ३६ सामने खेळला.

पण गुडघ्याइतकेच मनही दुखावले होते. २००३च्या नोव्हेंबरमध्ये तो नैराश्यावरील उपचारांसाठी म्युनिकच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि ही गोष्ट लपवली गेली नाही. खेळाडूने मनाच्या आजाराबद्दल बोलणे म्हणजे दुबळेपणा, असे मानणाऱ्या त्या काळात हे धाडस त्याच्या कुठल्याही गोलपेक्षा मोठे होते. क्लबचे व्यवस्थापक उली होनेस त्याच्या पाठीशी उभे राहिले. पुढे २००९मध्ये डाइस्लरची कहाणी पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने नैराश्यातून जीवन संपवले. आपला आजार त्याने जगापासून दडवून ठेवला होता.