कुलूप कोसळते तेव्हा

२०२१ च्या जानेवारीत लिनक्स मिंटच्या चुकांच्या नोंदींत एका बापाने तक्रार दाखल केली. मुलांना बाबांचा संगणक 'हॅक' करून बघायचा होता. पडद्याला कुलूप लावलेले होते. मुलांनी खरा कीबोर्ड बडवला, पडद्यावरच्या कीबोर्डवर वाटेल तिथे टिचक्या मारल्या, आणि कुलूप नाहीसे होऊन बाबांचा डेस्कटॉप उघडा पडला. बापाला हा योगायोग वाटला. मग मुलांनी तेच दुसऱ्यांदा करून दाखवले.

शोध घेतल्यावर कारण सापडले ते मोठे मासलेवाईक होते. रोमन लिपीतले, डोक्यावर आडवी रेघ असलेले 'ई' हे अक्षर पडद्यावरच्या कीबोर्डवरून दाबले की कॅरिबू नावाची लायब्ररी कोसळत होती. आधीच्याच महिन्यात, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये, एक्स सर्व्हरमधली सुरक्षेची एक त्रुटी बुजवली गेली होती आणि त्या दुरुस्तीने कॅरिबूचा घात केला होता. कॅरिबू चालत होती कुलपाच्याच पोटात. ती पडली, तिच्याबरोबर कुलूप पडले, आणि कुलपामागे काहीच नव्हते.

मी देगलूरला संगणक बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. दहा-बारा वर्षे वापरून दमलेल्या यंत्रांवर मी बहुतेक वेळा मिंटच टाकून देतो, म्हणून ही बातमी मला लांबची वाटली नाही. आमच्याकडे संगणक एकट्याचा नसतो. आडत दुकानाच्या गल्ल्यावर एकच यंत्र असते. त्यावर सकाळी मुनीम पट्ट्या लिहितो, दुपारी मालकाचा मुलगा परीक्षेचा अर्ज भरतो, संध्याकाळी शेजारचा कुणीतरी 'जरा एक प्रिंट काढू द्या' म्हणत खुर्चीत बसतो. उधारीची वही आणि हा शेजारी यांच्यामध्ये पडद्याचे कुलूप तेवढे उभे असते. तेव्हा ते नेमके कशाचे बनले आहे, हे शोधत मी मागे गेलो.

एक्स विंडो प्रणालीचा जन्म १९८४ चा, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतला. विद्यार्थ्यांसाठी जागोजागी सामायिक संगणक मांडण्याचा 'अथेना' हा प्रकल्प तिथे चालू होता, त्याच्या सोबतीने एक्स वाढली. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि आज जिला आपण एक्स म्हणतो ती तीच. कुलपाची कल्पना या प्रणालीच्या मूळ रचनेत नव्हतीच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सन कंपनीतल्या पॅट्रिक नॉटनने 'एक्सलॉक' लिहिला. पुढे जावा भाषेच्या सुरुवातीच्या चमूत होता तोच हा नॉटन. १९९२ मध्ये जेमी झविन्स्कीचा 'एक्सस्क्रीनसेव्हर' आला. या सगळ्यांची युक्ती एकच होती: पडदाभर एक मोठी विंडो उघडायची, ती सगळ्यांच्या वर ठेवायची आणि कीबोर्ड-माउस फक्त माझ्याच ताब्यात द्या असे सर्व्हरला सांगायचे. पासवर्ड जुळला की ताबा सोडायचा आणि विंडो मिटायची.

म्हणजे याला कुलूप म्हणायचे ते सवयीने. जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर असे. तो लाकडाचा, त्याला झोप येत नाही आणि घेरीही येत नाही. एक्समधले कुलूप म्हणजे उघड्या दारात उभा केलेला पहारेकरी. तो शुद्धीत आहे तोवर कोणी आत जाणार नाही. त्याला घेरी आली की सर्व्हर आपल्या नियमाप्रमाणे मेलेल्या प्रोग्रॅमची विंडो पुसतो, त्याचा ताबा मोकळा करतो आणि मागचे सगळे दाखवतो. सर्व्हरच्या दृष्टीने हा प्रोग्रॅम आणि घड्याळ दाखवणारा एखादा किरकोळ प्रोग्रॅम यांत काडीचा फरक नाही. उलट बाजूचीही गंमत आहे. एखादा मेनू उघडा राहिला असेल तर कीबोर्ड-माउस आधीच त्या मेनूच्या ताब्यात असतात, मग पहारेकऱ्याला ते मिळतच नाहीत आणि कुलूप लागायचेच राहून जाते.

२०१२ च्या जानेवारीत याचा कळस झाला. एक्स सर्व्हरच्या १.११ या आवृत्तीत कंट्रोल, आल्ट आणि अंकपट्टीवरचे गुणाकाराचे चिन्ह एकत्र दाबले की कीबोर्ड अडवून बसलेला प्रोग्रॅम बंद केला जाई. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना अडकलेला पडदा सोडवता यावा म्हणून ठेवलेली ती सोय होती. पण कीबोर्ड अडवून बसणे हाच तर कुलपाचा धंदा! तीन बटणांत पहारेकरी गारद होत होता. शेवटी कीबोर्डच्या मांडणीच्या फायलींमधून ती जोडणी काढून टाकावी लागली.

बिघाड होणारच, पण तो कोणत्या बाजूला पडावा हे आधी ठरवून ठेवायचे, हा विचार संगणकापेक्षा कितीतरी जुना आहे. देगलूरला अजून रेल्वे आलेली नाही, तरी नांदेडला गाडी धरणाऱ्यांना हे उदाहरण पटेल. गाडीच्या ब्रेकच्या नळीतला दाब गाडीला थांबवत नाही, तो ब्रेक उचलून धरतो. नळी तुटली, डबा सुटला, की ब्रेक आपोआप लागतात. बिघाडाचा अर्थ तिथे 'थांबा' असा ठरलेला आहे. एक्सच्या कुलपात बिघाडाचा अर्थ 'या, आत या' असा होता, आणि तो कुणी विचार करून ठरवलेला नव्हता. तो रचनेतून आपोआप आला होता.

झविन्स्की हे वर्षानुवर्षे ओरडून सांगत होता. त्याचे म्हणणे असे की, कुलपात नटव्या बटणांच्या लायब्ऱ्या भरू नका. प्रत्येक लायब्ररी म्हणजे कोसळण्याची एक नवी जागा. माणूस तिरसट आहे, त्याची भाषा कुणालाही झोंबावी अशी. पण २०२१ च्या प्रकरणाने तो खरा ठरला यात वाद नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने एक्सस्क्रीनसेव्हरची ६.०० आवृत्ती काढली आणि प्रोग्रॅमचे तुकडे केले: पडदा अडवून बसणारा मूळ प्रोग्रॅम अगदी बारका, चित्रे काढणारा वेगळा, पासवर्ड विचारणारा वेगळा. गूगलमधून आलेल्या एक्ससिक्योरलॉकने हीच वाट आधी धरली होती. बोलका सेवक पडला तरी मुका पहारेकरी उभा राहतो. मिंटनेही पुढे मुख्य कुलपामागे एक राखीव कुलूप ठेवले.

मुळावरचा इलाज मात्र एक्समध्ये शक्य नव्हता. क्रिस्टियान होग्सबर्गने २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँड या नव्या प्रणालीत तो झाला, आणि तोही उशिराच. वेलँडवरचा स्वेलॉक हा लोकप्रिय प्रोग्रॅमही सुरुवातीला जुन्याच वळणाचा होता. त्याला कोसळवून आत शिरता येते अशी त्रुटी २०२२ मध्ये नोंदली गेली आणि १.६ या आवृत्तीत ती गेली. ती जाण्यामागे त्याच वर्षाच्या जानेवारीत ठरलेला एक संकेत होता. आता कुलूप लावणारा प्रोग्रॅम वेलँडच्या व्यवस्थापकाला सांगतो, की सत्र बंद कर. पुढे तो प्रोग्रॅम मेला तरी व्यवस्थापक पडदा झाकूनच ठेवतो. 'उघड' असा स्पष्ट निरोप आल्याशिवाय उघडत नाही. अडसर अखेर दारात बसला. एक्सलॉकपासून मोजले तर याला तीस वर्षांहून जास्त लागली.

याची किंमतही आहे. अडसर अडकला तर मालकही बाहेरच. २०१८ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या फोनांवर एक तेलुगू अक्षर गाजले, ते आमच्या सीमेवरच्या गावात तर चांगलेच समजेल: 'ज्ञान' या शब्दातले 'ज्ञा'. ते अक्षर असलेला निरोप सूचना म्हणून आला की फोनचा मुख्य पडदा चालवणारा प्रोग्रॅम कोसळे आणि काही फोन पुन्हापुन्हा सुरू होत राहत. मोझिलात काम करणाऱ्या मनीष गोरेगावकरने त्या अक्षराची चिरफाड करून दाखवले, की दोष एकट्या तेलुगूचा नाही. जोडाक्षर, त्यानंतर जोडणी तोडणारे एक अदृश्य चिन्ह आणि मग स्वर, अशा विशिष्ट रचना बंगाली आणि देवनागरीतही तोच परिणाम करतात. १९ फेब्रुवारीला ॲपलने दुरुस्ती पाठवली. आडव्या रेघेचे 'ई' आणि तेलुगू 'ज्ञा' शेजारी ठेवून पाहिले की मला एक गोष्ट खटकते. दोन्हीकडे सापळा अशा अक्षरात होता, जे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या रोजच्या बोटांखाली येत नसावे. आमच्याकडे एकाच कीबोर्डवर मराठी, इंग्रजी, कुठे तेलुगू, कुठे उर्दू मांडणी असते. कुलूप लागताना मांडणी मराठीवर राहिली तर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो, पडद्यावर नुसती टिंबे दिसतात आणि माणूस 'पासवर्ड बदलला कोणी?' म्हणत माझ्याकडे येतो. स्वेलॉक चालू मांडणीचे नाव दाखवतो ही सोय त्यामुळे मला क्षुल्लक वाटत नाही.

अशा चुका आधी सापडाव्यात कशा? १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बार्टन मिलरने विद्यार्थ्यांना एक काम दिले होते: युनिक्सच्या साध्या प्रोग्रॅमांना निरर्थक अक्षरांचा मारा करून पाहा. कल्पना सुचली ती वादळी पावसात फोनच्या तारेवरून येणाऱ्या कचऱ्याने प्रोग्रॅम पडताना पाहून. १९९० मध्ये निष्कर्ष छापले गेले, तेव्हा तपासलेल्यांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम त्या माऱ्याने कोसळले किंवा अडकून बसले होते. मिंटच्या त्या मुलांनी केले ते हेच. फरक इतकाच की हल्ली हा पोरखेळ यंत्रावर सोपवता येतो. एक्सव्हीएफबी हा खऱ्या पडद्याशिवाय, नुसत्या स्मृतीत चालणारा एक्स सर्व्हर आहे. त्यावर कुलूप लावायचे, खोटी बटणे दाबत राहायची आणि प्रोग्रॅम जिवंत आहे का बघायचे. प्रत्येक बदलानंतर हे आपोआप व्हावे अशी व्यवस्था करता येते.

चूक सापडली, दुरुस्तही झाली. पण ती देगलूरच्या गल्ल्यावर पोचेपर्यंत दुरुस्ती नव्हेच. आवृत्तीचा क्रमांक वाढवणे, बदलांची यादी लिहिणे, गठ्ठा बांधणे, त्यावर सही करणे ही सगळी हमाली बहुतेक ठिकाणी एखादा फुकट राबणारा माणूस रात्री करतो. कंटाळ्यापायी आवृत्ती महिनोन्‌महिने लांबते. म्हणून खूण लावली की पुढचे सगळे यंत्राने करावे, ही पद्धत रुळली. डेबियनने २००० मध्ये 'टेस्टिंग' नावाचा टप्पा सुरू केला. तिथे ब्रिटनी हा प्रोग्रॅम नवे पॅकेज काही दिवस थांबवून, त्याच्यामुळे दुसरे काही मोडत नाही ना हे पाहून, पुढे सरकवतो. हाताने बांधलेल्या गठ्ठ्याचा धोका २०२४ च्या मार्चमध्ये जगाने पाहिला. एक्सझेड या दाबणी-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या गठ्ठ्यांत, उघड्यावर असलेल्या सोर्समध्ये नसलेला एक तुकडा घुसवून चोरवाट ठेवली होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एवढ्याशा खटक्यावरून आंद्रेस फ्रॉइंडने ती पकडली. गठ्ठा सोर्समधूनच आपोआप बांधला गेला असता, तर निदान तेवढी फट राहिली नसती.

तरीही वेग हे सगळे उत्तर नाही. २०१६ मध्ये डेबियनच्या स्थिर आवृत्तीवर एक्सस्क्रीनसेव्हर लोकांना सांगू लागला, की ही आवृत्ती फार जुनी आहे, नवी घ्या. झविन्स्कीने तशी घड्याळाची कळच आत बसवली होती, कारण जुन्या चुकांच्या तक्रारी त्याच्याकडे येत आणि त्याने त्या केव्हाच दुरुस्त केलेल्या असत. डेबियनचे धोरण उलटे: स्थिर म्हणजे स्थिर, सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीत शिवून देऊ. वाद कडाक्याचा झाला. माझा कल डेबियनकडे आहे. ज्याच्याकडे दिवसभरात मोबाइलचेच काय ते थोडे नेट उरते आणि ज्याचा हंगाम चालू आहे, त्याचे यंत्र दर महिन्याला नवे रूप घेऊन चालत नाही. पण कुलपाच्या बाबतीत झविन्स्कीची तक्रारही मी खोटी ठरवू शकत नाही. मिंटची दुरुस्ती त्याच जानेवारीत आली होती, आणि पुढे कित्येक दिवस मी उघडलेल्या यंत्रांवर ती नव्हती. अपडेटची खूण कोपऱ्यात दिसत होती, तिच्यावर कुणी टिचकी मारली नव्हती.

आता यंत्र परत देण्याआधी मी अपडेट करतो आणि कुलूप लावतो. मग कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून अक्षरी पडद्यावर जातो, तिथून कुलपाचा प्रोग्रॅम मुद्दाम मारतो आणि परत येऊन बघतो. जुन्या यंत्रावर हिशेबाची पट्टी सरळ समोर दिसते. राखीव कुलूप असलेल्यावर काळा पडदा असतो आणि आत जाण्यासाठी काय करायचे याच्या चार ओळी. त्या ओळी मी मालकाला वाचून दाखवतो, वहीत लिहून घ्यायला लावतो आणि मगच पैसे घेतो.