वाइन कूलर थंड होत नाही? दुरुस्तीआधी हे तपासा

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले. त्यानंतरच्या काळात नाशिकची वाइन शहरांतील घरांत पोहोचली आणि तिच्यासोबत वाइन कूलर हे छोटे शीतकपाटही आले. वाइन दीर्घकाळ ठेवण्यासाठी १२ ते १३ अंश सेल्सिअस तापमान उत्तम समजले जाते. त्यातही ते स्थिर असणे महत्त्वाचे. तापमान सतत वरखाली झाल्यास बाटलीतील द्रव प्रसरण व आकुंचन पावतो, बुचावर ताण येतो आणि हवा आत शिरण्याचा धोका वाढतो. बूच वर सरकलेले किंवा त्याच्या कडेने वाइन पाझरलेली दिसली, तर ती बाटली उष्णतेने बिघडली असण्याची शक्यता असते.

कूलर नीट थंड करीत नाही, अशी तक्रार उन्हाळ्यात हमखास उद्भवते. मात्र अनेकदा दोष यंत्रात नसून ते ठेवण्याच्या जागेत किंवा वापरात असतो. म्हणून तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

तापमान वाइनचे मोजा, हवेचे नव्हे

दर्शनी फलकावरील आकडा हा संवेदकाजवळच्या हवेचा असतो. दार उघडताच तो चढतो, पण बाटलीतील वाइन तितक्या लवकर तापत नाही. पाण्याने भरलेल्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ती मधल्या कप्प्यात २४ तास ठेवावी व मग नोंद घ्यावी. हे तापमान अपेक्षेपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने वेगळे असेल, तर काळजीचे कारण नाही. खोलीच्या तापमानाच्या बऱ्याच बाटल्या एकदम ठेवल्या असतील, तर एक-दोन दिवस थांबूनच निष्कर्ष काढावा.

यंत्र कोणत्या प्रकारचे आहे?

घरगुती कूलर दोन प्रकारचे असतात. पहिला थर्मोइलेक्ट्रिक. फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए यांनी १८३४ मध्ये नोंदविलेल्या परिणामावर तो चालतो. दोन भिन्न वाहकांच्या सांध्यातून वीज वाहिली की एक बाजू थंड व दुसरी गरम होते. या यंत्रात कॉम्प्रेसर नसल्याने आवाज व कंप कमी असतो, पण त्याची शक्तीही मर्यादित असते. खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ अंशांनी आतले तापमान उतरविणे, एवढीच त्याची सर्वसाधारण क्षमता असते. मे महिन्यात खोलीत ३४ अंश असतील, तर आत १९ अंश दिसणे हा बिघाड नव्हे. अशा वेळी यंत्र घरातील सर्वांत थंड खोलीत हलविणे हाच उपाय.

दुसरा प्रकार कॉम्प्रेसरचा. त्याच्या पाटीवर हवामान वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ वर्गाचे यंत्र १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, ‘एसटी’ ३८ अंशांपर्यंत, तर ‘टी’ ४३ अंशांपर्यंत योग्य असते. आपल्याकडील उन्हाळा पाहता खरेदीच्या वेळीच ही अक्षरे वाचावीत.

उष्णतेला वाट द्या

आतील उष्णता बाहेर टाकणे, हेच कूलरचे काम. ती बाहेर पडू शकली नाही, तर कोणतेही यंत्र हतबल ठरते. मागच्या बाजूने उष्णता सोडणारे यंत्र फर्निचरमध्ये बंदिस्त करू नये. त्यासाठी पुढच्या जाळीतून हवा खेळविणारे खास बनावटीचे यंत्रच हवे. माहितीपुस्तिकेत सांगितलेले अंतर भोवती मोकळे सोडावे. ऊन, गॅसची शेगडी व ओव्हन यांचे सान्निध्य टाळावे. प्लग काढून कंडेन्सर आणि पंख्यावरील धूळ मऊ ब्रशने दोन-तीन महिन्यांनी झाडावी.

दार, बर्फ आणि बाटल्यांची गर्दी

दाराच्या रबरी पट्टीत कागद धरून दार लावावे. कागद सहज निसटत असेल, तर पट्टी कोमट पाण्याने पुसावी अथवा बदलावी. पावसाळ्यात सैल दारातून दमट हवा आत शिरते व आतील थंड भागावर बर्फ साचतो. हा थर हवेचा मार्ग अडवितो आणि कॉम्प्रेसर अखंड चालूनही आतले तापमान चढते. अशा वेळी बाटल्या काढून, वीज बंद करून व दार उघडे ठेवून बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने तो खरवडू नये, कारण नळी फुटू शकते. बाटल्या मागच्या भिंतीला टेकवून किंवा आतील पंख्यासमोर रचू नयेत.

तंत्रज्ञ केव्हा बोलवावा?

कॉम्प्रेसर क्षणभर गुणगुणून ‘टक्’ आवाजासह बंद पडत असेल, तर आधी व्होल्टेज तपासावे. ते योग्य असल्यास रिले अथवा कॉम्प्रेसरचा दोष संभवतो. वीज गेल्यानंतर किमान पाच मिनिटे थांबून यंत्र सुरू करावे. कॉम्प्रेसर सतत चालू असूनही कंडेन्सर गरम होत नसेल, तर गॅस गळतीची शक्यता असते. अशा वेळी गळती शोधून बुजविल्याशिवाय नुसता गॅस भरून घेऊ नये, तो पुन्हा निघून जातो. अनेक यंत्रांत आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो, म्हणून हे काम प्रशिक्षित व्यक्तीकडेच सोपवावे. थर्मोइलेक्ट्रिक यंत्रात पंखे फिरत असूनही आतली पट्टी थंड होत नसेल, तर पेल्टिए चकती किंवा वीजपुरवठ्याचे सर्किट बदलावे लागते. आतील तापमान शून्याकडे झुकत असेल, तर संवेदक अथवा नियंत्रक बिघडलेला असू शकतो. वाइन गोठल्यास बूच उचकटते वा बाटली तडकते, म्हणून यंत्र त्वरित बंद करावे.

दुरुस्ती होईपर्यंत बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आडव्या ठेवाव्यात. तेथील थंडी वाइनला आदर्श नसली, तरी थोड्या दिवसांत तिचे नुकसान होत नाही. ३५ अंशांची खोली मात्र काही दिवसांतच चव बिघडवू शकते. काही तास वीज गेल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तेवढा वेळ दार बंद ठेवावे.